चार सेंटिमीटर जास्त

२ नोव्हेंबर, सोमवार

आलो बाई एकदाचे! कपाट दारात असं अडकलं होतं की टेम्पोवाला म्हणाला, आता दार तरी तोडा नाहीतर कपाट तरी. शेवटी मावशीने एका बाजूने कंबर लावली, मी दुसऱ्या बाजूने, आणि ते मुकाट्याने आत गेलं. टेम्पोवाला तोंडात बोट घालून बघत राहिला. मावशीचे गुडघे गेलेत, कंबर अजून शाबूत आहे.

नोकरीबरोबर मिळालेलं घर म्हणजे पोहण्याच्या क्लबच्या मागच्या भिंतीला चिकटून दोन खोल्या. जिना नाही, यावरच मावशी खूश. आई गेल्यापासून तिनेच मला वाढवलं. तिला घेऊन भाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर राहायचं म्हणजे तिला कोंडून ठेवण्यासारखंच होतं. आता दार उघडलं की अंगण, आणि अंगणातून वीस पावलांवर माझा पंपरूम.

पद माझं 'वॉटर इन्चार्ज'. मावशीने लगेच 'पाण्याची साहेबीण' करून टाकलं. अकरा वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत नळ्या धुतल्या आणि दोन वर्षं फिल्टर प्लँटवर काढली, त्याचं हे फळ. तीन महिने उमेदवारी, मग कायम.

ही वही खिशात मावेल एवढीच घेतली आहे. कामाचे आकडे रजिस्टरमध्ये जातील, बाकीचं इथे.

३ नोव्हेंबर, मंगळवार

आज सगळं पाहून घेतलं. आत पंचवीस मीटरचा गरम पाण्याचा तलाव, एकतीस अंश. कोपऱ्यात आठ माणसं बसतील असा गोल स्पा. फरशा कोऱ्या, दिवे झक्क. मॅनेजरसाहेबांच्या शर्टाची इस्त्री इतकी कडक की वाकले तर मोडतील असं वाटतं. त्यांना मनातल्या मनात मी 'इस्त्रीसाहेब' नाव ठेवलं.

पंपरूम तळघरात, पण स्वच्छ. दोन मोठे पंप, तीन फिल्टर. एका कोपऱ्यात क्लोरिनचा ड्रम, समोरच्या कोपऱ्यात ॲसिडचा. मध्ये भिंत आहे हे पाहून बरं वाटलं, कारण ही दोन द्रावणं एकमेकांना भेटली की हिरवट पिवळा वायू सुटतो आणि तो माणसाला श्वासही घेऊ देत नाही. दोन छोटे डोसिंग पंप टिक टिक करत थेंब थेंब औषध मुख्य नळीत सोडतात. त्या नळीवर एक फ्लो स्विच. पाणी वाहत असेल तरच तो औषधाला वाट देतो. पाणी थांबलं की टिकटिक बंद. या एवढ्याशा स्विचवर वरच्या सगळ्यांचा जीव असतो, हे मी मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, मग त्याला रोज नमस्कार करत जा.

सगळ्यात आवडली ती बॅलन्स टाकी. तलाव काठोकाठ भरलेला असतो. माणूस उतरलं की तेवढं पाणी काठावरून पन्हाळीत सांडतं आणि खाली टाकीत येतं. टाकीला काचेची नळी आहे, तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा. गंमत म्हणून कोचबाईंना उतरायला सांगितलं आणि खाली पळत येऊन पाहिलं. बरोबर एक सेंटिमीटर वर! त्या निघाल्या, एक सेंटिमीटर खाली. म्हणजे तळघरात बसून मला कळतं वर किती माणसं पाण्यात आहेत.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

काल गुरुवार, साप्ताहिक सुट्टी. तलावाला कुलूप. आज सकाळी पाण्याची चाचणी घेतली तर 'बांधलेलं' क्लोरिन जवळजवळ दुप्पट. घाम, कातडी, लघवी यांच्याशी झटापट करून जे क्लोरिन दमतं ते हे. डोळे चुरचुरतात ते याच्यामुळे. आता रिकाम्या तलावात ते वाढलं कशाने? चाचणीच्या गोळ्या जुन्या असतील म्हणून नवीन पाकीट फोडलं. तोच आकडा.

इस्त्रीसाहेबांना विचारलं, सुट्टीच्या दिवशी कुणी पोहून गेलं का. ते म्हणाले, किल्ली माझ्याकडे असते. थोडे दुखावले. फिल्टर उलट्या प्रवाहाने धुऊन घेतले, थोडं पाणी बदललं. उतरेल.

मावशीचे गुडघे पाहून कोचबाईंनी आग्रह धरला की सकाळी सातच्या वर्गाला या. गरम पाण्यात वजन जाणवत नाही, आणि उतरायला-चढायला विजेवर चालणारी खुर्ची आहे. मावशी आधी लाजली, मग दुकानात जाऊन पोहायचा पोशाख घेऊन आली. गडद निळा. घरातल्या घरात घालून आरशापुढे उभी राहिली आणि स्वतःलाच हसली.

९ नोव्हेंबर, सोमवार

साडेसहाला टाकीची पातळी ब्याऐंशी. नळीजवळ बसूनच चहा घेतला. पावणेसातला त्र्याऐंशी. थोडं थांबून चौऱ्याऐंशी. मग पंचाऐंशी. मग शहाऐंशी. नवीन पाणी येतं तो व्हॉल्व मी स्वतः घट्ट बंद केलेला होता.

वर जाऊन पाहिलं. तलावात कुणी नाही. काठावरून मात्र पाणी सांडत होतं, एका बाजूने, शिडीपाशी.

नळीत हवा अडकली असेल. काच काढून धुतली.

११ नोव्हेंबर, बुधवार

रोज तेच. पावणेसात वाजता चार सेंटिमीटर, एकदम नाही, एकेक करून. गुडघे दुखणारी माणसं कठडा धरून उतरतात तशी. वर्ग संपल्यावर सगळ्या बायका बाहेर येतात, आणि त्यांच्यानंतर ते चार सेंटिमीटर उतरतात.

हे रजिस्टरमध्ये लिहिलं नाही. काय लिहू?

दुसरा ताप वेगळाच. सात वाजून दहा मिनिटांनी फ्लो स्विच आपोआप पडतो. पंप जोरात चालू, पाणी धो धो वाहतंय, आणि हा म्हणतो वाहत नाही. त्याबरोबर वर भोंगा वाजतो. वर्गातल्या बायका कानावर हात ठेवतात. स्विच उघडून साफ केला. नवीन बसवला. तरीही सात दहाला भोंगा.

मावशी मात्र मजेत. ती वर्गाच्या आधीच, सातला पाच कमी असतानाच जाते. तिला चार मैत्रिणी मिळाल्यात. त्या तिच्याही आधी येऊन बसलेल्या असतात म्हणे. खूप गोड बोलतात. पाणी कोण बघतं असं त्यांनी विचारलं आणि मावशीने छाती फुगवून सांगितलं, माझी भाची.

किती मैत्रिणी, मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, चौघी, सांगितलं की आत्ता.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

सुट्टी. इस्त्रीसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. भोंग्यामुळे तीन जणींनी नाव काढून घेतलंय. ते म्हणाले, दोन दिवस त्या स्विचला वायरने बगल द्या, तोवर कंपनीचा माणूस येईल. मी सांगितलं, असं करत नाहीत. त्यांनी आवाज न चढवता विचारलं, मावशींना ते घर सोसलंय ना?

मी पंपरूममध्ये गेले. चार इंच तांब्याची तार. दोन टोकं जोडली, पीळ दिला. मी डावरी, त्यामुळे माझा पीळ उलटा बसतो, शाळेतल्या सरांना ते कधी आवडलं नाही. आता पाणी वाहो न वाहो, औषध टिक टिक करत राहणार.

दोनच दिवस. मी स्वतः समोर बसून राहीन.

संध्याकाळी सफाईच्या काकू अंगणात मोप वाळत घालायला आल्या. इथल्या सगळ्यात जुन्या. माझं तोंड बघून त्यांनी काय झालं विचारलं. मी तारेचं सांगितलं. त्यांच्या हातातून मोप पडला.

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. पाच वर्षांपूर्वी मालक दुसरा होता, क्लबचं नाव दुसरं होतं. पाणी बघायला एक मास्तर होता, साधा माणूस. तेव्हाही सकाळचा वर्ग होता. एके दिवशी वीज गेली, पंप थांबला. पण स्विचला तार होती, आणि डोसिंग पंप बॅटरीवर होते, ते चालूच राहिले. ॲसिड आणि क्लोरिन एकाच नळीत साचत गेलं. वीज आली, पंपाने ते सगळं एका दमात तलावात फेकलं. शिडीजवळच्या चार बायका होत्या तिथेच गेल्या. बाकीच्या खोकत खोकत बाहेर पडल्या.

मास्तर शेवटपर्यंत एकच सांगत होता, की ती तार तो रोज संध्याकाळी काढून टाकायचा आणि सकाळी ती परत असायची. कोण विश्वास ठेवणार? महिन्याभराने तोही गेला. कुठे, विचारलं. काकूंनी पंपरूमच्या दाराकडे पाहिलं. राहायचा कुठे, विचारलं. त्या म्हणाल्या, इथेच, तुमच्याच खोलीत.

काकू गेल्याबरोबर मी खाली जाऊन तार काढली. गटारात टाकली. साहेबांना काय सांगायचं ते उद्या बघू.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

तार आहे.

स्विचवर, काल होती तशीच. आधी इस्त्रीसाहेबांचा राग आला. तशीच तार हातात घेऊन केबिनमध्ये गेले. त्यांनी आईची शपथ घेतली, पंपरूमची किल्लीसुद्धा त्यांच्याकडे नाही, एकच आहे, ती माझ्या कमरेला. मग मी पीळ पाहिला. उलटा.

आणि रजिस्टर. आज सकाळी सहाची नोंद भरलेली आहे. पीएच ७.४, क्लोरिन १.५, सर्व ठीक. अक्षर माझं. मी सहा वाजता झोपले होते.

मावशीला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, तू तर रोजच पहाटे पाचला उठून जातेस. हाक मारली तर वळतसुद्धा नाहीस. मला वाटलं कामाचा ताण आहे.

माझ्या बोटांना तारेचे ओरखडे आहेत. कालचे वाटले होते. दोन जुने आहेत, भरत आलेले. त्या दिवसांत मी तारेला हातही लावला नव्हता.

१४ नोव्हेंबर, शनिवार

इस्त्रीसाहेबांना लेखी पत्र दिलं. तलाव ताबडतोब बंद करा. त्यांनी वाचून घडी घातली आणि खिशात ठेवलं. सोमवारी कंपनीचा माणूस येतोय, तोवर गोंधळ नको म्हणाले. आरोग्य खात्यात फोन केला. शनिवार, कुणी उचलत नाही.

मावशीला सांगितलं, यापुढे वर्गाला जायचं नाही. पहिल्यांदाच माझ्यावर चिडली. आठ वर्षांत प्रथमच ती काठी न घेता अंगणात चालते आहे, आणि मी तिला परत खुर्चीत बसवायला निघाले आहे, असं म्हणाली. मी शेवटी सगळं सांगितलं. चार बायकांचंही. ती म्हणाली, "अगं, पण मी त्यांचे हात धरलेत."

काय करतात त्या, मी विचारलं.

गोल करतात पाण्यात. पण गोलाला एक कमी पडते म्हणतात. पाच जणी झाल्या की बरोबर होईल.

रात्री जेवण गेलं नाही. डोसिंग पंपांच्या वायरी कापल्या आहेत, पक्कडीने, मुळापासून. नळ्या ड्रममधून काढून पिशवीत भरल्या, पिशवी काकूंच्या घरी दिली. आमच्या दाराला आतून कुलूप, किल्ली मावशीच्या उशाखाली. मी कितीही सांगितलं तरी द्यायची नाही, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं.

१५ नोव्हेंबर, रविवार

झोपलेच नाही. कुठे गेले नाही. मावशी घरीच. वर्ग रविवारी नसतो.

टाकी बघितली — चारच सेंटिमीटर वर.

वायरी तशाच कापलेल्या. बरं वाटलं. रडू आलं.

दुपारी डोळा लागला असेल, अर्धा तास फार तर. उठले तेव्हा चपला ओल्या होत्या.

संध्याकाळी काकू दारात आल्या. म्हणाल्या, दुपारी तुम्ही पिशवी परत घेऊन गेलात, मी दोनदा विचारलं तरी बोलला नाहीत, बरं आहे ना? —

खाली जायचं धाडस होत नाही. सकाळी काकूंना बरोबर घेऊन जाईन. मावशीला दोरीने माझा पाय पलंगाला बांधायला लावलं. ती बांधताना हसली नाही.

१६ नोव्हेंबर, सोमवार

पंपरूम. ७ वाजून ४.

आत्ता जाग आली. उभ्या उभ्या. हातात पक्कड. पायाला दोरीचा तुकडा.

वायरी जोडलेल्या. नळ्या ड्रममध्ये. तार स्विचवर. सगळे पीळ उलटे. टिक टिक चालू आहे.

नळी — नव्वद. ब्याऐंशी असायला हवी. आठ. चार त्या. चार वर्गातल्या. म्हणजे वर्ग सुरू झाला. म्हणजे मावशी — किल्ली उशाखाली तिच्याकडेच होती. मी बाहेर पडले तेव्हा दार मी उघडलं की तिने?

तार काढते आधी.

७.११

वीज गेली, मोबाईलचा दिवा लावलाय. पंप थांबला. तार निघत नव्हती, पीळ फार घट्ट, टिकटिक बॅटरीवर चालूच — पक्कडीने बॅटरीची वायर तोडली तेव्हा बंद. पण तोवर किती गेलं नळीत? वास येतोय. इथेही येतोय.

पंपाच्या मेन स्विचचा दांडा खाली ओढला. बंद. वीज आली तरी पंप लागणार नाही. नीट विचार कर. हे बरोबर केलंस.

७.१४

जिन्यातून ओरडले, बाहेर पडा सगळ्या. कोचबाईंनी ऐकलं. दोघी-तिघी निघाल्या. मावशी शिडीपाशी आहे. खुर्ची विजेवर चालते. वीज नाही. कोचबाई तिला खांद्याने वर ढकलतायत, एकेक पायरी. मावशी म्हणाली, पाय कुणीतरी धरलेत गं. मी दिसले तिला. हसली. म्हणाली, थांब, निघते.

मीच ओढायला जाणार होते, तेवढ्यात खाली खट् वाजलं.

धावत आले. दांडा वर होता.

खाली ओढला पुन्हा. इथे कुणी नाही. दार आता मी आतून लावलंय.

७.१७

दांड्यावर उजवा हात ठेवून, वजन टाकून बसले आहे. सोडला की वर जातो, दोनदा पाहिलं. डाव्या हाताने लिहितेय. लिहीत राहिले तर जागी राहीन, झोपले तर — म्हणून लिहितेय. वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं, स्विचला तार पहिल्यांदा मी लावली. शुद्धीत. कुणी सांगितलं म्हणून, घर जाईल म्हणून. त्या आधीची आणि नंतरची कुणी लावली ते माहीत नाही. पण ती एक माझी.

वरून कोचबाई ओरडल्या, दोन पायऱ्या राहिल्या.

डोळ्यांतून पाणी. खोकला. ओला रुमाल तोंडाला.

७.१९

दिवे आले. वीज आली. पंप बंदच, दांडा खालीच. धरलाय मी.

मावशीचा आवाज ऐकू येतोय. एकच पायरी, म्हणते आहे. एकच. मोजते आहे मोठ्याने, लहानपणी मला जिना चढवताना मोजायची तसं.

धरलाय. घट्ट धरलाय. बोटं पांढरी पडलीत.

कोण दाबतंय वर? खोलीत मी एकटी — दांड्यावर एकच हात आहे, बघतेय मी, एकच, माझा — मनगट फिरतंय. मी नाही फिरवत. मावशी, लवकर. मावशी, लवकर कर. हात माझं ऐकत नाही, तो वर —